गश्ती, सेन्सॉर आणि बंद पडलेले नेट

हल्ली लग्नकार्यात चार नातेवाईक जमले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "या देशाला दहा वर्षे हुकूमशहाच पाहिजे, मग बघा सगळे कसे सुतासारखे सरळ होतात!" म्हणणारा बहुधा चाळिशीतला असतो, हातात मोबाईल असतो. मला त्याचा राग येत नाही. त्याने हुकूमशाही पाहिलेली नाही, एवढेच. आमच्या बीड जिल्ह्याने मात्र पाहिली आहे, आणि एकदा नव्हे. म्हणून आज थोडा इतिहास. (मास्तर आहे, सवय जात नाही!)

पुण्या-मुंबईच्या वाचकांना आणि आमच्या अमेरिकेतल्या मंडळींना आधी एक सांगावे लागते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा आमची पाली स्वतंत्र झाली नव्हती. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमचा स्वातंत्र्यदिन उजाडला १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे तेरा महिने उशिरा.

निजामाच्या राज्यात सरकारी परिपत्रकाला 'गश्ती' म्हणत. त्यातली 'गश्ती निशाण ५३' फार गाजली. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, असा तिचा मतलब. परवानगी द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. वडील सांगत, की गावात नुसते कीर्तन ठेवायचे म्हटले तरी जाणती माणसे आधी इकडेतिकडे बघून घेत. त्यामुळे झाले काय, की हैदराबाद संस्थानातल्या लोकांच्या राजकीय परिषदा हैदराबाद संस्थानात भरतच नव्हत्या. १९२३ ला काकिनाडा, १९२६ ला मुंबई, १९२८ ला पुणे, १९३१ ला अकोला! आपल्याच गावच्या गाऱ्हाण्यावर बोलायला माणसे इंग्रजांच्या मुलखात जात. सारा देश ज्या इंग्रजांना 'चले जाव' म्हणणार होता, त्यांच्या हद्दीत गेल्यावर आमच्या लोकांना जरा मोकळा श्वास घेता येई. आष्टी तालुका ओलांडला की नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी हद्द. बोलण्याची मुभा कुठे आहे आणि कुठे नाही, हे आमच्या आजोबांना शिवेवरून कळत होते.

वर्तमानपत्रांचे हाल तसेच. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले, तेही पुण्याहून. निजाम सरकारने त्याला संस्थानात बंदी घातली. वाघमाऱ्यांनी तोच अंक दुसऱ्या नावाने काढला. त्यावर बंदी आली की तिसरे नाव. असा लपंडाव त्यांनी कितीतरी वेळा खेळला. आजची मुले एक संकेतस्थळ अडवले की दुसऱ्या पत्त्यावर तेच उघडतात आणि आपण काही नवे केले असे समजतात. बाळांनो, वाघमाऱ्यांनी ते टपालाने केले होते.

आमच्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट. स्वामी रामानंद तीर्थ आंबेजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन करायचे ठरले, तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. मूल जन्मण्याआधीच त्याला शाळेतून काढून टाकण्यातला प्रकार! स्वामीजी सत्याग्रहाला उभे राहिले आणि तुरुंगात गेले.

या काळाची गोष्ट काही लोक केवळ हिंदू-मुसलमानांची म्हणून सांगतात. त्यांना मी शोएबुल्ला खान यांचे नाव सांगतो. हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक काढणारा हा तरुण संपादक. संस्थान भारतात विलीन करा, असे तो लिहीत असे. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला गोळ्या घातल्या आणि लिहिता हात तोडला. संस्थान मुक्त व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

आता आणीबाणी. २५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली, तेव्हा मी बी.ए. होऊन नुकताच मास्तरकीला लागलो होतो. वर्तमानपत्र आमच्याकडे एस.टी.ने येई, कधी दुसऱ्या दिवशी. लोकांना वाटते की सेन्सॉर म्हणजे पानावर काळे पट्टे, कोरा अग्रलेख. ते सुरुवातीला कुठे कुठे झाले. पण खेड्यात बसून मला जाणवले ते वेगळेच. वर्तमानपत्र एकदम गोड झाले! संप नाहीत, मोर्चे नाहीत, वीस कलमी कार्यक्रम जोरात, सगळे कसे छान चालले आहे. आणि इकडे शाळेत शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या 'केसेस'चा कोटा. केस आणा, नाहीतर पगार अडकेल. पारावर प्रत्येकाला ठाऊक, पेपरात एक ओळ नाही. डोळ्यांना दिसणारे आणि छापून येणारे यांत एवढे अंतर पडले, की अडाणी म्हातारी माणसेसुद्धा पेपर वाचून दाखवू लागलो की हसत.

भाचा म्हणतो, "मामा, पण तेव्हा गाड्या वेळेवर धावत होत्या म्हणे!" अरे, धावत असतील. बीड शहरात रेल्वे यायलाच २०२५ साल उजाडले, आम्ही काय सांगणार!

त्या दिवसांतली काही माणसे मात्र विसरू म्हणता विसरता येत नाहीत. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. त्याच मंचावरून दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी सर्वांना उभे राहून प्रार्थना करायला लावली. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव हे निजामाविरुद्ध लढलेले गृहस्थ. त्यांना स्वतंत्र भारताच्या सरकारनेही तुरुंगात टाकले. विनोबांचा 'अनुशासन पर्व' हा शब्द सरकारने भिंतीभिंतीवर रंगवला होता, आणि जून १९७६ मध्ये त्याच विनोबांच्या पवनार आश्रमातून 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले, कारण त्यांत गोहत्याबंदीसाठी त्यांच्या उपोषणाची घोषणा होती. सरळ करणारा हुकूमशहा आपला माणूस-परका माणूस बघत नाही, हे भाच्याने इथे लक्षात घ्यावे.

कोर्टातूनही थोडा उजेड आला. मिनू मसानी यांनी आपल्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला म्हणून दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मदन आणि कनिया यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत, सेन्सॉरचे हुकूम चुकीचे ठरवले. सरकारशी मतभेद दाखवणे म्हणजे गुन्हा नव्हे, असा त्या निकालाचा भाव. मला तो निकाल कळला १९७७ नंतर. पेपरात कुठून यायला!

१९७७ च्या निवडणुकीत गावात कुणी उघड बोलत नव्हते. मत देऊन लोक गुपचूप शेताकडे गेले. बीडमधून मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. (याच बीडने १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवले होते. आमचा जिल्हा कधी काय करील, नेम नाही.)

एवढे सांगितल्यावर भाचा विचारतो, आता काय त्याचे? आता तर ज्याच्या त्याच्या हातात छापखाना आहे. खरे आहे. पण जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर, काही मोजकी पाने अडवण्याचा हुकूम निघाला आणि कंपन्यांनी आख्खे ब्लॉगस्पॉटच अडवून ठेवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या नुसत्या 'लाईक' केल्या. दोघींना अटक! ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केले, तरी त्यानंतरही त्याच मेलेल्या कलमाखाली देशात गुन्हे नोंदले जात राहिले.

मला सर्वात खटकते ते वेगळे. गश्तीला निदान नंबर होता. सेन्सॉरच्या साहेबाला नाव होते, त्याच्याविरुद्ध मसानींना कोर्टात जाता आले. आता संकेतस्थळे अडवण्याचे जे नियम २००९ मध्ये झाले, त्यांत तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवावी असेच लिहिले आहे. पान उघडत नाही, एवढेच कळते. कुणी अडवले, का अडवले, कुणाशी भांडायचे?

दुसरी बाजू मी नाकारत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आमच्या बीडमध्ये आरक्षणाच्या आंदोलनात घरे पेटली, संचारबंदी लागली, जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले. त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर जे फिरत होते ते मी पाहिले होते. आगीत तेल म्हणतात तेच. तेव्हा नेट बंद केले याचे अनेकांना बरे वाटले, मलाही पहिल्या दिवशी वाटले. पण नेट गेले म्हणून अफवा गेल्या नाहीत. त्या फोनवरून आणि पारावरून फिरल्या, आणि त्या खोट्या आहेत हे सांगणारा मात्र कुणाला गाठता येईना. शेजारचा मुलगा परीक्षेच्या फॉर्मसाठी तळमळत होता, किराणा दुकानात मोबाईलने पैसे जाईनात.

जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की नेट बंद करण्याचे हुकूम सरकारने प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल. आमच्याकडचा तो कागद बघायला मिळेल का, म्हणून मी दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी मला विचारण्यात आले, "गुरुजी, नेट तर चालू झाले ना आता? मग कागद कशाला?"