आगबोटीची खाट, क्रूझची खोली : एकट्या माणसाच्या तिकिटाचा इतिहास

आजचा भाग एका फोनमुळे झालाय, त्यामुळे फोनपासूनच सुरू करतो.

धुळ्याहून आत्याचा फोन आला. आत्या साठी ओलांडलेली, नोकरीतून निवृत्त, घरी एकटीच. तिने कुठेतरी मुंबई-गोवा क्रूझची जाहिरात पाहिली होती. माणशी अमुक रुपये. तिने हिशेब केला, पेन्शनमध्ये बसत होतं. बुकिंगवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "एकट्याच येताय? मग दोघांचे भरावे लागतील." आत्याने मला विचारलं, "मी एकली शे ना, मंग दोनजनस्ना पैसा काबर?"

मी म्हटलं, आत्या, नियमच तसा आहे. ती म्हणाली, "अरे पण हा नियम केला कोणी?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणून वाचत बसलो. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट. खानदेशात समुद्र नाही, हे खरं. गिरणा आणि पांझरा तापीला मिळतात, तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, एवढाच आपला समुद्राशी संबंध, असं मला वाटायचं. पण एकेकाळी बोटीची गाडी आपल्या दारावरून जायची. पंजाब मेल. १९१२ साली ती पंजाब लिमिटेड या नावाने सुरू झाली, तेव्हा ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटायची. विलायतेची टपाल बोट धक्क्याला लागली की टपाल आणि गोरे अधिकारी गाडीत चढायचे, आणि गाडी चाळीसगाव, जळगाव, भुसावळ, इटारसी करत दिल्ली, लाहोर, पेशावरकडे निघायची. सहा डबे. तीन टपालाचे, तीन प्रवाशांचे. प्रवासी फक्त ९६. दोन-दोन बर्थचे फर्स्ट क्लासचे कप्पे. तुम्ही-आम्ही त्यात बसू शकत नव्हतो, थर्ड क्लास तिला १९३०च्या दशकात लागला.

आता यातला 'बर्थ' हा शब्द लक्षात ठेवा. सगळा इतिहास त्याच्याभोवती आहे.

बर्थ हा मुळात बोटीवरचा शब्द. आधी बोट धक्क्याला लागते ती जागा, मग बोटीत माणसाला निजायला मिळते ती जागा. रेल्वेने तो तिथूनच उचलला. जुन्या आगबोटींवर तिकीट या बर्थचं, म्हणजे खाटेचं असायचं. केबिनमध्ये दोन खाटा असोत, चार असोत, तुम्ही तुमच्या खाटेचे पैसे द्यायचे. उरलेल्या खाटांवर कोण येणार, हे कंपनी बघायची. पुरुषांच्या केबिनमध्ये पुरुष, बायकांच्या केबिनमध्ये बाया. अख्खी केबिन एकट्याला हवी असेल, तर मात्र जास्त पैसे मोजा.

उदाहरण घ्या. ४ सप्टेंबर १८८८ला गांधीजी बॅरिस्टर व्हायला मुंबईहून निघाले. वय १८. मित्रांनी त्यांची खाट जुनागढच्या त्र्यंबकराय मजमुदार नावाच्या वकिलांच्या केबिनमध्ये राखून ठेवली, पोरगा नवखा आहे, जरा लक्ष असू द्या म्हणून. इंग्रजी बोलायची लाज, काट्याचमच्याने जेवता येईना, त्यामुळे गांधीजी बरेचसे केबिनमध्येच बसून राहिले आणि घरून आणलेली मिठाई-फळं खात राहिले. आपल्यापैकी जो कोणी पहिल्यांदा पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर गेलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पाच वर्षांनी, १८९३मध्ये, ते दक्षिण आफ्रिकेला निघाले तेव्हा फर्स्ट क्लासमध्ये जागाच नव्हती. मोझांबिकचा गव्हर्नर जनरल त्याच बोटीने चालला होता, सगळं भरलेलं. डेकवरून जायला गांधीजी तयार नव्हते. ते थेट बोटीच्या मुख्य अधिकाऱ्याला भेटले. तो म्हणाला, माझ्या केबिनमध्ये एक जादा खाट आहे, एरवी प्रवाशाला देत नाही, तुम्हाला देतो. झालं. एकट्या माणसाला एक खाट लागते, आणि एक खाट कुठेतरी निघतेच. दोघं असते तर ही सोय झाली नसती. म्हणजे त्या काळी एकटं असणं हा चक्क फायदा होता.

बायकांचं काय? १८८३च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. नुकती अठरा पूर्ण झालेली. नवरा बरोबर नाही, नात्यातलं कोणी नाही. मिशनरी बायकांच्या सोबतीने त्यांनी तो प्रवास केला आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने अनोळखी सोबतीत, समुद्रावर. तो प्रवास सुखाचा नव्हता. पण बाई एकटी आली म्हणून दोन माणसांचं भाडं, हा हिशेब तेव्हाच्या तिकिटात नव्हता.

आता कोणी म्हणेल, वा, जुना काळ किती छान. थांबा. खाटेचं तिकीट परवडणारे थोडेच होते. बाकीच्यांना डेक. डेक म्हणजे उघडी फळी. सतरंजी पसरा, ट्रंक उशाला घ्या, डबा सोडा. मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जाणारी माणसं पिढ्यान् पिढ्या अशीच गेली. हजचे यात्रेकरूही बरेचसे असेच गेले. खाट नसलेल्या या प्रवाशांसाठी कायद्यात वेगळा वर्ग होता, आणि त्यांच्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९३१ साली सिमल्यात ठरले. 'सिमला रूल्स' या नावाने ते ओळखले जातात.

आणि स्वस्तातल्या जागेची किंमत कधी कधी फार मोठी असायची. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट पावसाळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणासाठी घरी निघालेली साधी माणसं होती ती. म्हणून जुन्या बोटींची आठवण काढताना मी जरा जपून काढतो. माणशी तिकीट ही चांगली गोष्ट. माणसं कोंबणं ही नाही.

मग हे बदललं कधी?

विमानांनी बदललं. १९५८च्या सुमारास जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि बोटीने 'जाण्याची' गरज संपत गेली. मुंबई-लिव्हरपूल अशी जाणारी अँकर लाइनची प्रवासी सेवा १९६६ला बंद पडली. मुंबई-गोवा बोट १९८०च्या दशकाच्या अखेरपर्यंत कशीबशी चालली. मोठ्या बोटी उरल्या, त्यांना नवं काम हवं होतं. ते अमेरिकेत मायामीत सापडलं. १९६६ पासून तिथून नियमित सहलीच्या बोटी निघायला लागल्या. कुठे पोचायचं नाही, फिरून परत यायचं. बोट म्हणजे वाहन राहिलं नाही, हॉटेल झालं.

आणि हॉटेल खोली विकतं, खाट नाही. इथेच आत्याचा नियम जन्माला आला.

क्रूझवाल्यांचा हिशेब असा. एका खोलीत दोन माणसं धरायची. यालाच डबल ऑक्युपन्सी म्हणतात. दर छापताना मात्र माणशी छापायचा, म्हणजे आकडा निम्मा दिसतो. शिवाय कंपनीची कमाई फक्त तिकिटावर नसते. दारू, कॅसिनो, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली, यावरही ती चालते. खोलीत एकच माणूस आला, तर कंपनीच्या वहीत एक भाडं बुडालं आणि एक खर्च करणारा गिऱ्हाईकही बुडाला. तो भुर्दंड आलेल्यावर टाकतात. त्याचं नाव सिंगल सप्लिमेंट. बऱ्याच वेळा तो शंभर टक्के असतो, म्हणजे सरळ दुप्पट. या धंद्यात बोट 'शंभर टक्के भरली' याचा अर्थच मुळी दर खोलीत दोन माणसं. तिसरं पोरगं खोलीत आलं तर आकडा शंभरावर जातो. आणि आत्यासारखी बाई आली, की त्यांच्या लेखी अर्धी खोली रिकामी.

आत्याला राग का आला, ते मला इथे कळलं. मुद्दा पैशाचा होताच. पण ती गेली दहा वर्षं एकटी राहते, आणि आता तिला नसलेल्या माणसाचं भाडं भरायला सांगत होते.

बरं, इतिहास इथे थांबत नाही. २०१०मध्ये 'नॉर्वेजियन एपिक' या बोटीवर एका माणसासाठी १२८ छोट्या स्टुडिओ केबिन बांधल्या. सिंगल सप्लिमेंट नाही. मग इतर कंपन्यांनीही थोड्याफार तशा केबिन काढल्या. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, तिच्यात डॉर्मिटरी, बंक आणि पॉड होते. म्हणजे फिरून पुन्हा खाटच! मग कोविड आला आणि सगळ्याच क्रूझ थांबल्या.

आणि एक जागा अशी आहे जिथे खाटेचं तिकीट कधी गेलंच नाही. सरकारी बोटी. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून अंदमानला जाणाऱ्या आणि कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या. त्या बेटांवरच्या लोकांची ती एसटीच म्हणा ना. सगळ्यात स्वस्त बंक क्लास, मग चार किंवा सहा खाटांची केबिन, मग दोन खाटांची. तिकीट माणशी. एकटे जा नाहीतर दहा जण जा. तीन-साडेतीन दिवसांचा अंदमानचा प्रवास, जेवण साधं, झगमगाट शून्य. लक्षद्वीपला परवाना आधी काढावा लागतो, तो विसरू नका.

क्रूझच हवी असेल तर बुकिंगवाल्याला तीन गोष्टी विचारा. एक, छापलेला दर डबल ऑक्युपन्सीचा आहे का. दोन, सिंगल सप्लिमेंट नेमकं किती टक्के, आणि कोणत्या तारखांना कमी होतं. बोट भरत नसेल तेव्हा ते खाली येतं. तीन, बंदराचे कर एकाचेच लावलेत ना. बहुतेक ठिकाणी ते डोक्यामागे असतात, न आलेल्या माणसाचे ते भरू नका. आणि खिडकी नसलेली आतली खोली घेतली तरी चालतं. समुद्र डेकवरून बघायचा असतो, तिथे सगळ्यांना सारखाच दिसतो.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. अंदमानच्या बोटीचंही सांगितलं. म्हटलं, चार खाटांची केबिन असेल, अनोळखी बाया असतील, चालेल का?

ती म्हणाली, "मी आयुष्यभर एसटीत अनोळखी बायांशेजारीच बसले रे. धुळे ते चाळीसगाव पोचेपर्यंत त्या अनोळखी राहायच्या का?"

आता बोटीचं वेळापत्रक कधी लागतं त्याची आम्ही वाट बघतोय. समुद्र शांत असतो ते महिने धरून, जळगावहून चेन्नईची गाडी आधी बघून ठेवलीय. तिकीट एकच काढायचं आहे. एका माणसाचं.

भेटू पुढच्या भागात.