सांगलीचे भाऊसाहेब

आमच्या रहिमतपूरहून रेल्वेने खाली निघालं की कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी करत सांगली येते. बाहेरच्यांना सांगली म्हणजे हळद आणि नाटक. बुद्धिबळवाल्यांना सांगली म्हणजे नूतन बुद्धिबळ मंडळ, आणि मंडळ म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकर.

मंडळ १९४१ सालचं. तेव्हा आपल्याकडे देशी पद्धतीचा डाव चालायचा. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे, कॅसलिंग नाही. त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्याची चाल. समोर नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे अर्धाच विजय. सगळं कसं सावकाश! आंतरराष्ट्रीय नियमांत दहा चालींत मारामारी सुरू. आमच्या धंद्यातल्या भाषेत, आयुष्यभर लिहिलेला कोड एकदम नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचा. सुलतान खानला ते जमलं. देशी डावात वाढलेला हा माणूस १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला. परत आल्यावर १९३५ मध्ये त्याने व्ही. के. खाडिलकरांविरुद्ध १० पैकी ९ डाव जिंकले, एक बरोबरीत. पण सगळेच काही सुलतान खान नसतात.

१९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ आला, १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि देशी डाव मागे पडला. आता लहान गावातल्या पोरांना नवा खेळ शिकवणार कोण? रोज पट मांडून बसणारा, स्पर्धा भरवणारा कुणीतरी लागतो. सांगलीत ते काम भाऊसाहेबांनी वर्षानुवर्षं केलं.

१९७६ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सांगलीत झाली. जिंकली रोहिणी खाडिलकर, नाट्याचार्य कृ. प्र. खाडिलकरांची पणती, म्हणजे घराणं मूळचं सांगलीचंच. पण भाऊसाहेबांच्या तालमीतली मुलगी वेगळी. भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे. १९८५, ८६, ८८, ९१ आणि ९४, अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं, वर १९९१ चं आशियाई. नंतर स्वाती घाटे. त्या काळी जिल्ह्याच्या गावात मुलीला बाप्यांसमोर पटावर बसवणं सोपं नव्हतं. माझ्या मते भाऊसाहेबांचं मोठं काम हेच.

वर्तमानपत्रं त्यांना बुद्धिबळाचे भीष्माचार्य म्हणायची. मला हे कधी पटलं नाही. पोरांना शिकवत होते ते द्रोण, भीष्म नव्हेत! बुद्धिबळातला पहिला द्रोणाचार्य पुरस्कार १९८६ मध्ये रघुनंदन गोखल्यांना मिळाला. असो. भाऊसाहेबांच्या मागेही मंडळाच्या स्पर्धा चालू राहिल्या, त्यांच्या नावाने.