काडीमोड आणि मुलांचा ताबा : जालना परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

विवाहसंस्थेच्या इतिहासाचे आपल्याकडील लेखन बहुधा विवाहविधी, बालविवाह, हुंडा आणि विधवाविवाह या विषयांभोवती फिरत आले आहे. विवाह मोडत कसा असे, आणि तो मोडल्यावर त्या दांपत्याच्या मुलांचे काय होत असे, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिले. प्रस्तुत निबंधात जालना परिसराच्या संदर्भात या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. विवाहबंधनातून सुटण्याची वाट येथील बहुजन समाजास पूर्वापार ठाऊक होती. परंतु त्या सुटकेची किंमत पुष्कळदा आईला आपल्या मुलाच्या रूपाने मोजावी लागे, हे येथे दाखवावयाचे आहे.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर अशा तालुक्यांतून त्याची घडण झाली. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शेजारचा बुलढाणा मात्र वऱ्हाडचा भाग म्हणून १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली गेलेला होता. सोयरिकी या सीमेला जुमानीत नसत. कायदा मात्र सीमेपाशी थांबत असे. लेक वऱ्हाडात दिली की तिच्या विवाहाचा वाद वेगळ्या न्यायासनापुढे जावयाचा, ही येथील वस्तुस्थिती होती.

रिवाजांच्या अभ्यासास दोन ग्रंथ विशेष उपयोगी आहेत. दख्खनमधील जातींच्या चालीरीतींची चौकशी करून आर्थर स्टील याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेला संग्रह हा पहिला, आणि निजामी मुलखातील जातीजमातींविषयी सय्यद सिराज-उल-हसन यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ हा दुसरा. या नोंदी वाचताना एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. ब्राह्मणादी जातींत विवाह अविच्छेद्य मानला जाई. परंतु शेतकरी, कारागीर व श्रमजीवी जातींपैकी पुष्कळांत पंचांसमक्ष सोडचिठ्ठी देण्याची, आणि सुटलेल्या स्त्रीने पाट लावण्याची मुभा असे. गवताची काडी मोडून संबंध तुटल्याचे जाहीर करावयाचे, यावरूनच ‘काडीमोड’ हा शब्द रूढ झाला. लेखी व्यवहारात ‘फारकत’ हा शब्द वापरीत. तेव्हा घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना होय, हे मत निदान या प्रदेशापुरते तरी टिकत नाही. कौटिल्याने देखील धर्म्य विवाहांना मोक्ष नाकारला असला, तरी इतर विवाहांत परस्परद्वेषामुळे मोक्ष मिळू शकतो असे मानले आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. रिवाजाचे सामान्य सूत्र ‘मूल बापाचे’ असे होते. अंगावर पिणारे मूल काही काळ आईजवळ राही. जाणते होताच त्याने बापाच्या घरी परतावे अशी अपेक्षा असे. यामागे केवळ भावना नव्हती. शेतीत व बलुत्याच्या कामात मुलाचे हात उपयोगी पडत, वतनाचा हक्क बापाच्या वंशातून चाले, आणि आईच्या पाटाने ती दुसऱ्या कुळात गेली म्हणजे मुलाचे कूळ संदिग्ध होई. पंचांपुढील बोलणी लग्नखर्चाची भरपाई, दागिने आणि दंड यांभोवती चालत. मुलाचा प्रश्न जवळजवळ आधीच सुटलेला समजला जाई. म्हणून काडीमोडीतील स्त्रीस्वातंत्र्याचे गुणगान करताना हा दुसरा पक्ष विसरून चालणार नाही. जी स्त्री नवऱ्याला सोडू शकत होती, ती मुलाला नेऊ शकत नव्हती.

बापाचा हा हक्क इंग्रजी न्यायासनानेही आपल्या रीतीने उचलून धरला. त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८४३ मधील श्रीपत शेषाद्री प्रकरण. मुंबईत मिशनऱ्यांकडे राहावयास गेलेल्या या अल्पवयीन ब्राह्मण मुलास सुप्रीम कोर्टाने बापाच्या स्वाधीन केले. पुढे त्याच्या शुद्धीकरणाचा वाद गाजला व त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली. त्याचे ज्येष्ठ बंधू रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीच पुढे जालन्यास मिशनचे कार्य उभारून शहरालगत बेथेल ही वसाहत वसविली. हा वाद पतिपत्नींचा नव्हता हे खरे. तथापि ताब्याच्या प्रश्नात बापाचा अधिकार किती प्रमाण मानला जाई, हे त्यावरून कळून येते.

काडीमोडीच्या बाबतीत मात्र मुंबईच्या उच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. करसन गोजा (१८६४) व संभू रघू (१८७६) या खटल्यांत, पती हयात असता त्याच्या संमतीवाचून स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आपण मानीत नाही, असे न्यायालयाने ठरविले. पंचांच्या परवानगीने लागलेला पाट त्यामुळे फौजदारी गुन्हा ठरू शकला. जालन्यात हे निर्णय बंधनकारक नव्हते, कारण येथे निजामाची न्यायव्यवस्था चाले.

त्या व्यवस्थेतील एक भेद लक्षणीय आहे. मुसलमान कुटुंबांना लागू असलेल्या हनफी विधीनुसार आईला ‘हिजानत’ म्हणजे संगोपनाचा हक्क असतो : मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. पालकत्व बापाकडेच राही. पण संगोपन व पालकत्व या दोन गोष्टी भिन्न आहेत हे तत्त्व तेथे स्पष्टपणे मांडलेले होते. एकाच गावातील हिंदू आईला असा वयाच्या मर्यादेने बांधलेला विधिमान्य हक्क नव्हता. तिची भिस्त पंचांच्या दयेवर व माहेरच्या वजनावर असे.

कायद्याने घटस्फोट देण्याचा आरंभ बडोदे संस्थानात १९३१ मध्ये व मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाला. जालन्याच्या हिंदू समाजास हे कायदे लागू नव्हते. तेथे हे पर्व १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सुरू झाले. त्याच्या २९ व्या कलमाने रिवाजी घटस्फोट अबाधित ठेवला, आणि २६ व्या कलमाने मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी, शक्य तेथे त्यांची इच्छा लक्षात घेऊन, आदेश देण्याचा अधिकार न्यायालयास दिला. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने बापाला प्रथम पालक मानूनही पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे सांगितले. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ मध्ये आली.

रिवाज अबाधित ठेवल्याने एक गुंतागुंत मात्र उरली. मुद्रांकावर लिहिलेला फारकतनामा म्हणजे घटस्फोट, असा समज ग्रामीण भागात दृढ आहे. परंतु असा रिवाज त्या जातीत आहे हे स्पष्टपणे मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये यमनाजी जाधव प्रकरणी बजावले. रिवाज सिद्ध न झाल्यास दुसरा विवाह शून्य ठरतो. त्यातून झालेली मुले १९७६ च्या दुरुस्तीने औरस मानली जातात. पत्नी म्हणून राहिलेल्या स्त्रीला मात्र तेवढा आधार मिळत नाही.

‘मुलाचे हित’ हे तत्त्व १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच होते. पण बाप हयात असून अपात्र नसेल तर दुसरा पालक नेमू नये, ही अटही त्याच कायद्यात होती. या दोन कलमांतील ओढाताण शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, हे १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात आईही पालक ठरू शकते असा अर्थ लावला गेला. आणि २०१० च्या दुरुस्तीने त्या अटीत बापाच्या जोडीला आईचाही उल्लेख आला. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. विभक्त झाल्यावरही दोघांनी मिळून मूल वाढवावे, हा विचार आपल्या कायद्यात इतक्या उशिरा आला.

या विचाराची कसोटी जालन्यासारख्या जिल्ह्यातच लागणार आहे. आठवड्याच्या शेवटी भेट, सुटीत मुक्काम, ही वाटणी शहरी नोकरदारांच्या दिनक्रमाला साजेशी आहे. मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथूनही दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस जातात व काही महिन्यांनी परततात. मुले पुष्कळदा आजीआजोबांजवळ राहतात. तेथे ताबा कोणाचा यापेक्षा मूल प्रत्यक्षात कोणाच्या चुलीवर जेवते, हा प्रश्न अधिक खरा असतो.

सारांश, रिवाजाने स्त्रीला सुटका दिली पण मूल दिले नाही. इंग्रजी न्यायाने रिवाजालाच आवर घातला. स्वतंत्र भारताच्या कायद्याने प्रथम सुटका व मागाहून, टप्प्याटप्प्याने, मुलाचा विचार केला. जुन्या प्रकरणांतील ज्या मुलाविषयी पंचांना विचारावेसे वाटले नाही, ते आजच्या अभ्यासकाने विचारले पाहिजे. १८८४ नंतर निजामी दप्तराची भाषा उर्दू होती; म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने मोडीबरोबर उर्दू लिपीही आत्मसात करावी, हे सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही.