दुकानातला राउटर शेवटचा कधी अपडेट केला?

दुकानाला आपण रात्री दोन-दोन कुलपं लावतो, पण कोपऱ्यातल्या राउटरची आठवण नेट बंद पडल्यावरच येते. बिलिंगचा कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, प्रिंटर सगळं त्याच डब्यातून चालतं. टूर्सवाल्यांकडे तर गिऱ्हाइकांच्या पासपोर्टच्या प्रती असतात. ती लोकांची अमानत आहे. म्हणून हा विषय आम्ही इथे थोडक्यात मांडत आहोत.

फर्मवेअर म्हणजे काय?
राउटर हाही एक छोटा कॉम्प्युटरच. त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. त्यात दोष सापडला की कंपनी दुरुस्त केलेलं फर्मवेअर देते. ते आपण टाकलं नाही, तर दोष तसाच राहतो, आणि तोपर्यंत तो चोरांनाही कळलेला असतो.

२०१८ मध्ये काय झालं?
लॅटव्हियातल्या मिक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये एक दोष निघाला. लॉगिन न करताच बाहेरच्या माणसाला आतली पासवर्डची फाइल वाचता येत होती. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली. तरी ऑगस्टमध्ये, ब्राझीलपासून सुरुवात होऊन, लाखाहून जास्त राउटर चोरांच्या ताब्यात गेल्याचं उघड झालं. त्यांतून जाणाऱ्या वेब पानांत आभासी चलन कमावणारा कोड घुसवला जात होता. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: पासवर्ड आधीच चोरीला गेला असेल, तर नुसतं अपडेट करून भागत नाही. पासवर्डही बदलावा लागतो.

आपण काय करावं?
१. राउटरच्या खालच्या लेबलवरून मॉडेल नंबर वहीत लिहून ठेवा.
२. फर्मवेअर फक्त कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. दुकान बंद झाल्यावर अपडेट करा. मधेच लाइट गेली तर राउटर बिघडू शकतो.
३. राउटर केबलवाल्याने दिला असेल, तर अपडेट कोण करणार हे त्यालाच स्पष्ट विचारा.
४. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. बाहेरून राउटर चालवण्याची सोय लागत नसेल तर बंद ठेवा.
५. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं असेल तर गेस्ट नेटवर्क वेगळं करा.
६. कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं थांबवलं असेल, तर राउटर चालू असला तरी बदला.

ऑनलाइन पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.