निवडक रंगमुद्रण आणि भूदृश्याची साक्ष : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

छायाचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून सर्वमान्य झालेले आहे. तथापि त्यातील रंग कॅमेऱ्याने टिपला की मुद्रकाने घातला, हा प्रश्न साधनचिकित्सेत विचारला जाणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात भूदृश्याच्या एखाद्याच भागास रंग देण्याच्या पद्धतीचा मागोवा घेऊन पेण-रोहा परिसराच्या संदर्भात तिचा विचार केलेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

डायक्रोमेट क्षार लावलेला कागद प्रकाशाने बदलतो, हे मंगो पाँटन यांनी १८३९ साली दाखविले. जॉन हर्शेल यांचे नीलमुद्रण १८४२ सालचे होय. आल्फाँस प्वातव्हँ यांनी १८५५ साली डायक्रोमेटमध्ये रंगद्रव्य मिसळण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि त्यातूनच पुढे डिंक-मुद्रण विकसित झाले. ऑटोक्रोम काचा १९०७ साली बाजारात येईपर्यंत छायाचित्रातील रंग बहुधा मुद्रकाच्या हातूनच येत असे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील लोकसमूहांवरील आपल्या ग्रंथात (१८६३ व १८६६) माणसांची छायाचित्रे स्वतंत्रपणे टिपलेल्या भूदृश्यांवर जोडून छापली. म्हणजे रंगाचा प्रश्न येण्यापूर्वीच भूदृश्य 'रचले' जाऊ लागले होते. १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यात प्रत्येक रंगासाठी निराळा शिळाछाप वापरला जाई. या छापखान्यासाठी शिळामुद्रणाचे काम केलेले दादासाहेब फाळके तिरंगी ठशांचे तंत्र शिकलेले होते व १९०९ साली मुद्रणसामग्रीसाठी ते जर्मनीस गेले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीचा त्यांचा हा व्यासंग रंग थराथराने चढविण्याचाच होता.

प्रक्रियेचे स्वरूप

डिंक-मुद्रणात डिंकाचे पाणी, जलरंग व पोटॅशियम डायक्रोमेट यांचे मिश्रण कागदावर लावून अंधारात वाळवितात. चित्राच्याच आकाराची निगेटिव्ह त्यावर ठेवून ऊन दिले असता प्रकाश लागलेला भाग कठीण होतो व उरलेला रंग पाण्यात धुऊन जातो. दर रंगासाठी हीच कृती पुन्हा करावी लागते. कागद आधीच गरम पाण्यात भिजवून आकसून घेतला नाही, तर दुसरा थर पहिल्याशी जुळत नाही. निवडक रंगासाठी मिश्रण ब्रशाने हव्या त्याच भागावर लावतात, किंवा धुताना नको तेथील रंग हलकेच काढून टाकतात. कोकणच्या पावसाळी हवेत मात्र हा थर अंधारातही लवकर कठीण होतो. म्हणून कागद त्याच दिवशी वापरावा लागतो.

पेण-रोहा परिसर

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील या परिसरात पेणची मिठागरे, बांधांनी राखलेली खारभूमीतील भातशेती, रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका व धाटावची औद्योगिक वसाहत एकमेकांलगत आहेत. नीलमुद्रित चित्रात मिठाची रास कोऱ्या कागदाच्या पांढरेपणानेच दाखविता येते. त्याच चित्रात केवळ बांध तांबड्या रंगात छापला, तर शेत व खाडी यांतील सीमा अधोरेखित होते. केवळ भात हिरवे केले, तर तोच बांध दृष्टीआड होतो. निगेटिव्ह एकच असूनही साक्ष बदलते. पेणच्या गणेशमूर्तिकारांना हे तत्त्व अपरिचित नाही. मूर्तीचे अंग रंगवून झाल्यावरही तिची मुद्रा ठरते ती डोळ्यांच्या आखणीने.

या प्रक्रियेची दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. डायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक असून त्याचे धुवणपाणी नाल्यात सोडणे घातक होय. जेथे नदीच्या औद्योगिक प्रदूषणाचा प्रश्न उपस्थित झालेला आहे, तेथे त्याच नदीचे सौंदर्य छापताना तिच्यात विष मिसळणे ही विसंगती ठरेल. महाविद्यालयीन प्रयोगासाठी डायक्रोमेटविरहित नीलमुद्रण व त्यावर हाताने भरलेला जलरंग हा अधिक सुरक्षित पर्याय होय.

निष्कर्ष

निवडक रंग हे मुद्रकाचे भाष्य असते. ते त्याज्य नाही, परंतु त्याची नोंद असली पाहिजे. मूळ निगेटिव्ह, चित्रणाची तारीख व स्थळ, तसेच कोणता रंग कोठे व का घातला, याचे टिपण चित्रासोबत जतन केल्यास बदलत्या खारभूमीचे असे चित्र कलाकृती म्हणून आणि ऐतिहासिक साधन म्हणूनही उपयुक्त ठरेल. टिपणाअभावी मात्र उद्याचा अभ्यासक मुद्रकाने घातलेल्या हिरव्या रंगालाच त्या वर्षीचे पीक समजण्याचा संभव आहे.