राजीनामा ते लवाद

आज ‘राजीनामा’ म्हटलं की खुर्ची सोडणं आठवतं. मराठेशाहीत, साताऱ्याकडच्या वतनांच्या भांडणांत, त्याचा अर्थ वेगळा होता: पंचांचा निवाडा मान्य करू, असं वादी-प्रतिवादींनी आधीच लिहून देणं. वर जामीनही लागे. निवाडा पंचांचा, अंमल सरकारचा.

सांगलीची हळद परदेशी विकताना करारात लवादाचं कलम असेल, तर तो आजचा राजीनामाच. फक्त इथे सरकारं दोन. म्हणून १९५८ चा न्यूयॉर्क करार झाला: एका देशातला निवाडा दुसऱ्या देशानेही अमलात आणायचा. भारताने १९६१ मध्ये त्यासाठी कायदा केला. आता १९९६ चा लवाद कायदा लागू आहे.

समजा, लवाद लंडनला झाला आणि सांगलीचा व्यापारी हरला. वसुलीचा अर्ज पूर्वी जिल्हा न्यायालयात येई. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो उच्च न्यायालयात जातो. तिथे हिशेब पुन्हा तपासत नाहीत. बाजू मांडू दिली का, सार्वजनिक धोरणाला बाधा येते का, अशा मोजक्याच गोष्टी पाहतात. निवाडा रद्द करून घ्यायचा तर दाद लंडनलाच मागायची.

जुन्या राजीनाम्यातले पंच ओळखीच्या मुलखातले असत. आता सही करताना दराइतकंच लवादाचं ठिकाणही वाचायला हवं.