प्रोबायोटिक गोळ्या-पुड्या : कधी घ्याव्यात, कधी नको?

हल्ली करकंबसारख्या गावातही मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं की सोबत एखादी पुडी किंवा कॅप्सूल येते. "पोटासाठी आहे, द्या" एवढंच सांगितलं जातं. गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्याला जुलाब लागले तेव्हा आम्हीही दोन दिवस पुड्याच देत बसलो, ओआरएसचं ध्यानातच आलं नाही. पोर मलूल पडलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मास्तर, आधी पाणी, मग पुडी." त्यानंतर आम्ही या विषयाची नीट माहिती घेतली. ती आपल्या घरांसाठी इथे देत आहोत.

प्रोबायोटिक म्हणजे काय?

पुरेशा प्रमाणात घेतल्यास शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू असतात आणि ते अन्न पचवायला मदत करतात. अँटिबायोटिक रोगाच्या जंतूंबरोबर यातलेही काही मारतं, म्हणून कधी कधी जुलाब होतात. बाजारात मुख्यतः लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, बॅसिलस क्लॉसाय आणि सॅकरोमायसिस बोलार्डी (ही एक प्रकारची यीस्ट) मिळतात. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. एकाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही.

उपयोग कुठे, कुठे नाही?

अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी काही ठरावीक प्रकारांचा बऱ्यापैकी पुरावा आहे. पण "प्रतिकारशक्ती वाढते, वजन घटतं, चेहरा उजळतो" अशा दाव्यांना भक्कम आधार नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये पोटाच्या बहुतेक आजारांसाठी सरसकट प्रोबायोटिकची शिफारस केली नाही. धडधाकट माणसाने रोज गोळी घ्यावी, असं म्हणता येत नाही.

मुलांना जुलाब झाले तर

पहिलं औषध ओआरएस. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या शिफारशीप्रमाणे सोबत झिंक १० ते १४ दिवस द्यावं : सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. प्रोबायोटिक हे वरचं, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. शौचात रक्त, डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं, बाळ सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

घ्यायचं ठरलं तर

- पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, संख्या (सीएफयू), मुदत आणि साठवणीची सूचना वाचा.
- अँटिबायोटिक आणि जिवाणूंची पुडी यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.
- गरम दुधात किंवा चहात टाकू नका, जिवाणू मरतात.
- आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर दुकानदाराने तसं ठेवलं होतं का, हे विचारा.
- सुरुवातीला थोडा गॅस किंवा पोट फुगणं होऊ शकतं.

कॅन्सरचे उपचार सुरू असलेले, प्रतिकारशक्ती फार कमी झालेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रोबायोटिक मुळीच देऊ नये. अशांच्या रक्तात हेच जंतू शिरून गंभीर आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

हलाल आणि रोजा

कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं आणि कोणत्या जनावराचं, हे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. एचपीएमसी असं लिहिलेलं कवच वनस्पतीपासूनचं असतं. पुडी किंवा पातळ औषधात कवचाचा प्रश्न येत नाही, तरी बाकीचे घटक वाचावेत. डॉक्टरांकडे पर्याय मागायला संकोच नको. शंका राहिली तर जाणकार आलिमांना विचारा, पण चालू औषध मनाने बंद करू नका. रमजानमध्ये मात्रा सेहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते, वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

घरचं काय?

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह शंभर वर्षांपूर्वी आंबवलेल्या दुधाचे गुण सांगत होते. आपल्या दादी-नानीच्या हातचं दही-ताक त्यातलंच. विरजणात नेमके कोणते जिवाणू किती, हे सांगता येत नाही, म्हणून त्याला औषध म्हणू नये. पण रोजच्या आहारात ते चांगलंच. कढी उकळली की मात्र जिवाणू उरत नाहीत. पोटातल्या जिवाणूंना खाद्यही लागतं. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, कांदा-लसूण यांत ते भरपूर आहे. आमच्या करकंबच्या बाजार आमटीसोबतची भाकरी कुस्करून खा, फक्त इफ्तारला भजी-समोशांचा मारा कमी करा.

महिनाभर पोट बिघडलेलंच आहे, वजन घटतंय, शौचात रक्त दिसतंय, तर पुड्या बदलत बसू नका. तपासणी करून घ्या. अल्लाहने दिलेलं हे शरीर अमानत आहे आणि ते सांभाळणं आपलं काम आहे.